झडीच्या दिवसात ऊन कुठून आणायचं? नॅनो टाकी, उन्हातली बाटली आणि टीसीएल

मागच्या महिन्यात दादांचा फोन आला. दादा म्हणजे माझे मावसभाऊ, वर्धा जिल्ह्यातल्या बाराशे वस्तीच्या एका गावाचे सरपंच. "बापू, कोटेशन पाठवलं व्हॉट्सॲपवर, पाह्य बरं जरा. नॅनो का काय म्हणते. उजेड पडला का पाण्यातले जंतू मरते म्हणे. लाइन नाई लागत, पावडर नाई लागत. बंधित निधीतून घेतलं तं चालते का?" बंधित निधी म्हणजे ठरावीक कामांवरच खर्चता येणारा ग्रामपंचायतीचा पैसा.

कोटेशन पाहिलं. निळ्या टाकीचा फोटो, वरून उन्हाचे पिवळे पट्टे, खाली "९९.९ टक्के जंतूंचा नायनाट" आणि शेवटी एक रक्कम, जी मी चष्मा पुसून परत वाचली. ग्रामपंचायतीचा टीसीएलचा, म्हणजे पाण्यात घालायच्या क्लोरीनच्या पावडरीचा, वर्षाचा खर्च त्या रकमेशेजारी मांडला तर चहापाण्याएवढा दिसतो.

मी एकतीस वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं. त्यामुळे "दादा, हे सगळं थोतांड आहे" असं म्हणून मोकळं होता येईना, कारण ते थोतांड नाही. प्रकाशाने चेतणारे नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचे, पदार्थ पाण्यातले जीवाणू मारतात, हे पक्कं आहे. पण दादांच्या गावात, त्यांच्या विहिरीच्या पाण्यात, जुलै महिन्यात ते मारतील का, हे वेगळं बघावं लागतं. फोनवर सांगायला गेलो तर अर्धा तास झाला तरी संपेना. म्हणून लिहून काढलं. आणखी कोणा गावाला असंच कोटेशन आलं असेल तर त्यांच्याही कामी येईल.

आधी दुखणं कोणतं ते बघा

प्रकाशाने फक्त जंतू मरतात. क्षार, फ्लोराइड, नायट्रेट जिथल्या तिथे राहतात. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी मुळातच खारट. तिथे नॅनो टाकी बसवली तर निर्जंतुक खारट पाणी मिळेल, एवढंच. चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही गावांत फ्लोराइडचा त्रास आहे. आपल्या आयएस १०५०० या मानकानुसार फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत हवं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. त्याच्या वर गेलं की पोरांच्या दातांवर डाग आणि पुढे हाडांचं दुखणं. अशा गावांनी हा लेख इथेच सोडून स्रोत बदलण्याच्या किंवा आरओच्या मागे लागावं.

दादांच्या गावची विहीर नदीकाठची. पाणी गोडं, क्षार बेताचे. पण पावसाळ्यात एच-टू-एसची बाटली काळी पडते. ही बाटली ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: औषध घातलेली छोटी बाटली असते, तीत खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून घरातच ठेवायचं. एक-दोन दिवसांत पाणी काळं झालं तर त्यात विष्ठेतून आलेले जंतू असण्याची दाट शक्यता. गेल्या श्रावणात दादांच्या ओसरीवर ठेवलेली बाटली दुसऱ्या दिवशी दुपारी अशी काळी झाली की वहिनींनी ती घरात आणू दिली नाही.

म्हणजे दुखणं जंतूंचं आहे. पुढची सगळी तुलना तेवढ्यापुरती.

नॅनो पदार्थ करतात तरी काय

या मंडळीतला सगळ्यात जुना गडी टायटॅनियम डायऑक्साइड. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी दाखवलं की या पदार्थाचा इलेक्ट्रोड पाण्यात ठेवून त्यावर प्रकाश टाकला तर पाण्याचं विघटन होतं. १९८५ मध्ये मात्सुनागा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच गुणाने जीवाणू मारून दाखवले.

आतली गंमत अशी. पुरेशा ऊर्जेचा प्रकाश कणावर पडला की त्यातला एक इलेक्ट्रॉन जागेवरून उठतो. मागे राहिलेली रिकामी जागा शेजारच्या पाण्याकडून इलेक्ट्रॉन हिसकावते आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा महाखादाड तुकडा तयार होतो. उठलेला इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतो, त्यातून आणखी एक तापट मंडळी निघते. हे सगळे मिळून जीवाणूच्या बाहेरच्या पटलातली चरबी जाळतात, पटल फाटतं, जीवाणू मरतो. औषध संपत नाही, कारण कण स्वतः खर्च होत नाही. कागदावर याहून सुंदर गोष्ट नाही, आणि वर्गात शिकवताना मलाही ती फार आवडायची.

आता ग्यानबाची मेख. टायटॅनियम डायऑक्साइडला जागं करायला ३८७ नॅनोमीटरच्या आतला प्रकाश लागतो, म्हणजे अतिनील. आपल्या उन्हात अतिनील किरण चार-पाच टक्केच. बाकीचं ऊन त्याच्या दृष्टीने वाया. म्हणून संशोधक दिसणाऱ्या उजेडावर चालणारे पदार्थ शोधू लागले. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या गटाने मॉलिब्डेनम सल्फाइडच्या उभ्या, अगदी पातळ पापुद्र्यांनी आणि वर तांब्याचा हलका थर देऊन २० मिनिटांत ९९.९९९ टक्के जीवाणू मारले, लिटरला १.६ मिलिग्रॅम एवढाच माल लागला. २०२३ मध्ये त्याच गटाने पुढची पायरी गाठली: ॲल्युमिनियम ऑक्साइड, मॉलिब्डेनम सल्फाइड, तांबं आणि आयर्न ऑक्साइड यांची पूड. २०० मिलिलिटर पाण्यात ढवळली, उन्हात ठेवली, एका मिनिटात ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जीवाणू, साफ. पूड लोहचुंबकाने परत काढता येते आणि तीच पूड त्यांनी ३० वेळा वापरली.

मी ती बातमी वाचली तेव्हा खरंच हरखलो होतो. मग २०० मिलिलिटर म्हणजे किती, हे डोळ्यांसमोर आणलं. आपलं एक फुलपात्र.

फुलपात्र आणि टाकी

जलजीवन मिशनच्या हिशेबाने माणशी रोज ५५ लिटर. दादांच्या बाराशे लोकांना रोज ६६,००० लिटर पाणी लागतं. लिटरला १.६ मिलिग्रॅम धरलं तर एवढ्या पाण्याला पूड शंभरेक ग्रॅमच. म्हणजे मालाची अडचण नाहीच. उजेडाची आहे. फुलपात्रात ऊन तळापर्यंत पोचतं. दहा फूट खोल टाकीत पोचत नाही, आणि गावची टाकी तर वरून स्लॅबने झाकलेली असते, झाकलेलीच असायला हवी. घरोघरी काळ्या प्लास्टिकच्या टाक्या, त्यांच्या आत मिट्ट अंधार. म्हणजे पाणी पातळ थराने काचेखालून, उन्हातून वाहवणारी वेगळी यंत्रणा उभी करावी लागते. कोटेशनमधली रक्कम फुगते ती इथे.

दुसरी अडचण आपल्या जमिनीची. आपल्याकडे बराच भाग बेसाल्टचा, काळ्या दगडाचा. त्यातून येणारं पाणी जड, बायकार्बोनेटने भरलेलं. चहाच्या पातेल्याला आतून जो पांढरा थर चढतो, तो त्याचाच. आता ते हायड्रॉक्सिल रॅडिकल आठवा. ते जेमतेम अब्जांश सेकंद जगतं. तेवढ्यात शेजारी जे भेटेल त्याला चावतं. प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यात शेजारी जीवाणूच असतो. आपल्या पाण्यात आधी बायकार्बोनेट भेटतं, गाळात कुजलेला पालापाचोळा भेटतो, आणि खादाडाचं पोट तिथेच भरतं. वर तो पातेल्यातला पांढरा थर यंत्राच्या पृष्ठभागावरही चढणार, आणि चढला की उजेड अडणार. म्हणून विक्रेत्याने दाखवलेला चाचणी अहवाल कोणत्या पाण्याचा आहे, हे विचारल्याशिवाय त्या कागदाला काही किंमत नाही.

तिसरी गोष्ट पुडीची. पाण्यात सोडलेली नॅनो पूड परत काढावीच लागते. लोहचुंबकाची युक्ती चांगली आहे, पण ती दरवेळी शंभर टक्के निघते की नाही हे गावात कोण तपासणार? पूड काचेवर किंवा जाळीवर पक्की बसवली तर पाण्यात उतरत नाही, पण मग पाण्याला भिडणारा पृष्ठभाग कमी होतो आणि काम मंदावतं. टायटॅनियम डायऑक्साइड खाद्यरंग म्हणून युरोपीय संघाने २०२२ मध्ये बंद केलं. पाण्यातल्या चिमूटभर पुडीने लगेच काही होतं असं मी म्हणत नाही, पण पोटात जाऊ नये ही काळजी यंत्र बनवणाऱ्याने घ्यायची असते.

आणि ते "९९.९ टक्के". पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि १०० मिलिलिटरमध्ये एक लाख ई-कोलाय असले, तर ९९.९ टक्के मेल्यावरही शंभर उरतात. मानक सांगतं की १०० मिलिलिटरमध्ये एकही दिसता कामा नये. शाळेतल्या पोराला ९९.९ टक्के पडले तर पेढे वाटतात. इथे शंभर जंतू उरले म्हणजे पाणी नापास.

नुसती बाटली आणि ऊन

नॅनोचा धाकटा, गरीब भाऊ म्हणजे उन्हात ठेवलेली प्लास्टिकची बाटली. बैरूतच्या आक्रा यांनी १९८० च्या सुमारास याबद्दल लिहिलं, १९९१ पासून स्वित्झर्लंडमधल्या एका जलसंशोधन संस्थेने त्याचा पाठपुरावा केला आणि ही रीत जगभर गेली. रीत म्हणजे काय, तर पेट (PET) प्लास्टिकची पारदर्शक, ओरखडे नसलेली, दोन लिटरपर्यंतची बाटली. लेबल काढायचं. पाणी भरायचं, आडवी करून टिनावर ठेवायची. चांगलं ऊन असेल तर सहा तास. अर्ध्याहून जास्त आभाळ झाकलेलं असेल तर सलग दोन दिवस. पाणी गढूळ असेल तर हे चालत नाही. गढूळपणा बघायची युक्ती सोपी: भरलेली बाटली वर्तमानपत्राच्या मथळ्यावर उभी ठेवायची आणि वरून तोंडातून खाली बघायचं. मथळा वाचता आला तर पाणी चालेल.

इथे विदर्भाचं ऊन कामी येतं. पाणी ५० अंशांवर गेलं की उष्णता आणि अतिनील किरण एकमेकांना हात देतात आणि तासाभरात काम होतं. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी आमच्या मागच्या टिनावर दहा बाटल्या मांडल्या होत्या. दुपारी दोनला एकीत थर्मामीटर बुडवला तर ५३. आई म्हणाली, "हे पाणी पेवाचं का आंघोळीचं?" खरी अडचण तीच. मेमध्ये माणूस थंड पाणी मागतो आणि बाटलीतून निघतं कढत. ते रात्रभर त्याच बाटलीत निवू द्यावं लागतं. माठात ओतलं की माठातले जंतू त्यात, कारण उन्हाने शुद्ध केलेल्या पाण्यात पुढच्या घाणीला अडवणारं काही नसतं.

पाच जणांच्या घराला उन्हाळ्यात पिण्यापुरतं रोज वीसेक लिटर धरलं तर दहा बाटल्या उन्हात आणि दहा घरात. वीस बाटल्या घासणं, भरणं, वर चढवणं, उतरवणं, हे घरातल्या कोणाच्या तरी वाट्याला येतं, आणि ती व्यक्ती कोण असते हे आपल्याला ठाऊक आहे.

लिंबाचा एक छान प्रयोग २०१२ मध्ये अमेरिकेत झाला होता. दोन लिटर पाण्यात ३० मिलिलिटर लिंबाचा रस घालून बाटली उन्हात ठेवली तर अर्ध्या तासातच ई-कोलाय झपाट्याने घटले. विषाणूंवर मात्र लिंबाची मात्रा तशी चालली नाही. शेतात कापूस वेचायला गेलेल्या बाईने डब्यातलं लिंबू बाटलीत पिळून ती बांधावर ठेवली तर काही बिघडत नाही, उलट चवही येते. पण गावाचा भरवसा त्यावर ठेवता येत नाही.

झड लागली की

आता मूळ मुद्द्यावर येतो, आणि माझ्या लेखी सगळी तुलना इथेच निकाली निघते.

आपल्याकडे हगवण आणि कावीळ सगळ्यात जास्त कधी होते? पहिल्या-दुसऱ्या पावसानंतर. नाल्याचं पाणी विहिरीत उतरतं, फुटक्या पाइपातून गटार आत शिरतं. जुलै २०२२ मध्ये मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत उघड्या विहिरीचं पाणी पिऊन साथ पसरली, माणसं दगावली. तो सगळा काळ झडीचा. चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, आणि त्याच वेळी पाणी चहासारखं गढूळ. म्हणजे ज्या दिवसांत जंतू सगळ्यात जास्त, त्याच दिवसांत उजेड सगळ्यात कमी आणि पाण्यात उजेड शिरायला वाटही सगळ्यात कमी. मेच्या कडक उन्हात नॅनो टाकी अव्वल नंबर काढेल, पण तेव्हा विहिरीत मुळात पाणीच तळाला असतं.

मी जुलैत तोच बाटल्यांचा प्रयोग पुन्हा केला. तीन दिवस झड होती. दोन दिवस बाटल्या टिनावर ठेवून तिसऱ्या दिवशी पाणी एच-टू-एसच्या बाटलीत घातलं. काळी पडली.

अर्धवट मारलेल्या जीवाणूंचीही एक खोड आहे. उजेड कमी पडला तर काही नुसतेच जखमी होतात, आणि अंधारात ठेवलेल्या पाण्यात हळूहळू सावरून पुन्हा वाढू शकतात. ढगाळ दिवशी सकाळी "शुद्ध" केलेलं पाणी रात्री तेवढंच शुद्ध असेल असं नाही.

मग दिवा लावला तर?

उजेड सूर्याचाच कशाला, अतिनील दिवाही असतो. घरच्या यूव्ही फिल्टरमध्ये तोच. त्याचे २५४ नॅनोमीटरचे किरण जीवाणूच्या डीएनएलाच गाठी पाडतात, मग त्याला वाढता येत नाही. नॅनोची गरजच नाही. १९९२-९३ च्या बंगालमधल्या कॉलऱ्याच्या साथीनंतर आपल्या अशोक गाडगीळांनी अमेरिकेत बसून अशाच दिव्याचं स्वस्त यंत्र बनवलं. ते मिनिटाला पंधरा लिटर पाणी शुद्ध करतं आणि वीज घेतं जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. आश्रमशाळा, अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र अशा ठिकाणी, जिथे पाणी गाळलेलं आहे आणि सोलर पॅनलवर बॅटरी आहे, तिथे मी नॅनोआधी हे घेईन. दोन अटी: दिव्याच्या काचेवरचा थर वेळच्या वेळी पुसायचा, आणि दिवा दिसायला पेटत असला तरी त्याचं आयुष्य संपलं की बदलायचा. दुसरी अट कोणी पाळत नाही. आमच्याच ओळखीच्या एका शाळेत तीन वर्षं दिवा निळा दिसत होता, म्हणून कोणी हात लावला नाही.

टीसीएल, वासाचं औषध

१९०८ मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीत शहराच्या पाण्यात कायम क्लोरीन घालायला सुरुवात झाली. तेव्हापासून ही रीत जुनी झाली, पण बाद झाली नाही. चांगल्या टीसीएल पावडरीत तेहतीस टक्के क्लोरीन असतं. साधारण स्वच्छ पाण्याला १,००० लिटरमागे अडीच ग्रॅम पुरते. दादांच्या ६६,००० लिटरला १६५ ग्रॅम. पावशेरसुद्धा नाही. अर्धा तास थांबायचं आणि नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असलं पाहिजे.

हे "उरलेलं" फार मोलाचं आहे. नॅनो असो, बाटली असो, दिवा असो, पाणी तिथून निघालं की उघडं पडतं. पुढे पाइप फुटका, गुंड (पाणी भरायचं भांडं) न घासलेला, पोराने माठात बुडवलेला हात. क्लोरीन पाण्याबरोबर गुंडापर्यंत येतं आणि वाटेत शिरलेल्या थोड्याफार घाणीलाही गाठतं. प्रकाशाच्या पद्धतींना ही सोय निसर्गतःच नाही, कारण त्यांचं हत्यार अब्जांश सेकंदात संपतं.

गावात टीसीएल फसतं ते हातांनी. पोतं उघडं, ओल लागलेली, सहा महिने पडलेली पावडर. तिच्यातलं क्लोरीन उडून चुना उरलेला. मग कोणी ती विहिरीत भुरभुरून टाकतं. खरी रीत अशी: बादलीत थोड्या पाण्यात पावडर कालवायची, मग बादली पाऊण भरेल इतकं पाणी घालून ढवळायचं, दहा मिनिटं थांबायचं. चुना तळाला बसतो. वरची निवळ दुसऱ्या बादलीत ओतायची आणि ती विहिरीत सोडून हलवायची. तळचा चुना पाण्यात घालायचा नाही. आणि हे संध्याकाळी करायचं. गंमत म्हणजे ज्या उन्हावर नॅनोवाले विसंबतात, तेच ऊन उघड्या पाण्यातलं क्लोरीन उडवतं.

तपासायला ओटी टेस्ट. नळाचं थोडं पाणी नळीत घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे. लगेच पिवळं झालं तर क्लोरीन आहे. मी दादांच्या गावी गेलो तेव्हा जलसुरक्षकाने टाकीजवळच्या नळाचं पाणी घेतलं, झकास पिवळं झालं, त्याने वहीत लिहून टाकलं. मी म्हटलं, चल, मोहल्ल्याच्या शेवटच्या घरी जाऊ. तिथे पाणी पाण्यासारखंच राहिलं. तो पोरगा प्रामाणिक, म्हणाला, "सर, इथवर कोणी पाह्यतच नाई." त्या एका नळीने जे कळलं ते कोटेशनच्या आठ पानांत नव्हतं.

तक्रारी खऱ्या आहेत. वास येतो, म्हणून लोक नळ सोडून बोरिंगवर जातात. मी त्यांना म्हणतो की वास म्हणजे पहारेकरी जागा आहे. पाणी मडक्यात तासभर ठेवलं की वास बराच उतरतो. क्लोरीनमुळे काही घातक संयुगं बनतात हेही खरं, पण जागतिक आरोग्य संघटनेचं मत स्पष्ट आहे: त्या भीतीने निर्जंतुकीकरणात ढिलाई करू नये. क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या काही चिवट जंतूंना क्लोरीन पुरत नाही. तिथे गाळणं किंवा उकळणं. गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातं, म्हणून आधी तुरटी. विहिरीवरून थेट पाणी पिणाऱ्यांनी निदान जुनं, धुऊन मऊ पडलेलं लुगडं चार पदरी करून गाळावं. २००३ मध्ये बांगलादेशातल्या गावांत केलेल्या अभ्यासात एवढ्या गाळण्याने कॉलऱ्याचं प्रमाण ४८ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं होतं.

उकळणं सगळ्यात खात्रीचं, पण सिलिंडर कोण भरणार? बाळंतीण, आजारी, तान्हं मूल असेल त्या घरापुरतं ठीक. गावातल्या आरओच्या थंड कॅनबद्दल एवढंच सांगतो की त्या पाण्यात क्षार कमी असतात. कॅन धुतलेला असतो की नाही, ते बघायला कोणी जात नाही.

तर कोणी काय घ्यावं

नदीकाठच्या विहिरीवर चालणारी नळयोजना असेल, दादांसारखी, तर पैसा आधी टीसीएलसाठी झाकणबंद ड्रम, ठरलेल्या मात्रेने क्लोरीन सोडणारा डोझर, ओटीच्या बाटल्या आणि फुटके पाइप यांवर. उरलेला पैसा विहिरीच्या कठड्यावर. नॅनो टाकी नाही. आजच्या घडीला तरी नाही.

शेतावर राहणारा सालदार, तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलात मुक्कामाला गेलेली माणसं, यांना मार्च ते मेपर्यंत बाटली आणि ऊन उत्तम. फुकट आहे, मात्रा चुकत नाही. पावसाळा लागला की त्यांनीही आशाताईंकडून क्लोरीनचे थेंब घ्यावेत.

आश्रमशाळा, दवाखाना: गाळणी आणि अतिनील दिवा, आणि साठवणुकीच्या टाकीत थोडं क्लोरीन.

आणि नॅनो? मला त्याचं भविष्य जंतूंपेक्षा दुसऱ्या ठिकाणी दिसतं. प्रकाशाने चेतणारे हे पदार्थ अनेक कीटकनाशकांचे रेणूही फोडू शकतात, जे क्लोरीनच्याने नीट होत नाही. कपाशीच्या पट्ट्यात फवारणीच्या हंगामात विहिरींचं काय होतं हे बघून त्या कामासाठी असं यंत्र कोणी नागपुरात बसून आपल्या पाण्यावर तपासून काढलं, तर मी स्वतः दादांना फोन करीन. नीरीसारखी पर्यावरण-संशोधन संस्था नागपुरात, दारातच आहे. नॅनो म्हणजे प्रकाशच हवा असंही नाही. २००९ मध्ये तांदळाच्या तुसाची राख आणि नॅनो चांदी वापरलेला घरगुती फिल्टर बाजारात आला होता. तूस म्हणजे आपल्या भंडारा-गोंदियाला कमी नाही.

दादांना मी विक्रेत्याला विचारायला पाच प्रश्न लिहून दिले. चाचणी कोणत्या पाण्यावर केली, शुद्ध की विहिरीच्या? ढगाळ दिवशी, गढूळ पाण्यात आकडा काय येतो? जीवाणूंबरोबर विषाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारखे जंतूही तपासले का? नॅनो पदार्थ पाण्यात किती उतरतो, याचा अहवाल आहे का? आणि काचेवर क्षार चढले तर धुवायला कोण येणार, नागपूरहून की पुण्याहून?

यातल्या दुसऱ्या प्रश्नावर तो माणूस म्हणाला, "साहेब, पावसाळ्यात बॅकअप म्हणून क्लोरीन टाकायचं असतं." दादांनी मला हे सांगितलं तेव्हा फोनवर दोघंही थोडा वेळ हसलो.

काल दादांचा फोटो आला. टीसीएलचं पोतं शेडच्या ओल्या कोपऱ्यातून उचलून निळ्या ड्रममध्ये भरलंय, झाकणावर खडूने तारीख घातलीय. खाली लिहिलंय: "शेवटच्या घरी आज पिवळं आलं."